आधी कळस, मग पाया



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय 'जगातील नवलाची ठिकाणे' असा आहे. वर्गात कोणी ताजमहाल घेतला, कोणी चीनची भिंत घेतली. मी वेरूळचे कैलास लेणे घेतले. काही मुले म्हणाली, "ते तर आपल्या गावातलंच हाय, त्यात नवल काय?" म्हणूनच मी ते घेतले. परदेशातील माणसे विमानात बसून जे पाहायला येतात, ते आपल्याला चालत जाऊन पाहता येते. पण रोज दिसते म्हणून आपण नीट पाहत नाही.

लेणी कोठे आहेत व किती आहेत?

वेरूळ हे गाव छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. या शहराचे आधीचे नाव औरंगाबाद. गावाजवळच्या डोंगराच्या कड्यात सुमारे २ किलोमीटर लांब लेण्यांची रांग आहे. डोंगरात लेणी पुष्कळ आहेत. त्यांपैकी ३४ लेण्यांना ठळक क्रमांक दिले आहेत. क्रमांक १ ते १२ बौद्ध लेणी आहेत. १३ ते २९ हिंदू लेणी आहेत. ३० ते ३४ जैन लेणी आहेत. ती साधारण इ. स. ६०० ते १००० या काळात कोरली गेली. तीन धर्मांची माणसे एकाच डोंगरात शेजारी शेजारी राहिली, ही गोष्ट मला फार आवडते.

कैलास हे १६ व्या क्रमांकाचे लेणे. माझी आजी त्याला 'रंगमहाल' म्हणते. जुने लोक तेच नाव घेत. पूर्वी या देवळाला पांढरा गिलावा होता आणि वर रंग दिलेला होता, म्हणून ते नाव पडले. शंकराचा कैलास पर्वत हिमालयाच्या पलीकडे आहे. तो बर्फाने पांढरा दिसतो. तसेच हे देऊळही पांढरे दिसावे, असे करणाऱ्यांच्या मनात असेल. गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे आजही काही ठिकाणी छताला दिसतात. वर मान करून शोधावे लागतात.

हा दगड कोठून आला?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि पोटातून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला, थंड झाला, पुन्हा नवा आला. असे थरावर थर बसले. त्याचाच आपला काळा पत्थर झाला. पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. आपल्या घरचा पाटा-वरवंटा आणि जाते याच जातीच्या काळ्या दगडाचे असते. म्हणजे ज्या दगडावर आई चटणी वाटते, त्याच जातीच्या दगडात कैलास आहे.

कैलास कसा केला?

आपण घर बांधतो तेव्हा आधी पाया खणतो. मग भिंती उभ्या करतो. शेवटी छप्पर घालतो. कैलास याच्या अगदी उलट आहे. तो बांधलेलाच नाही. तो कोरलेला आहे.

कारागीर डोंगराच्या माथ्यावर गेले. त्यांनी वरून तीन मोठे चर खणले. दोन चर दोन बाजूंना आणि एक मागच्या बाजूला. चर खोल खोल नेले. तेव्हा मधोमध दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा राहिला. तो खाली डोंगराला जोडलेलाच होता. मग त्या ठोकळ्यातून देऊळ कोरायला वरून सुरुवात केली. पहिल्यांदा कळस झाला. मग शिखर, मग छत, मग भिंती व खांब, आणि सगळ्यांत शेवटी खालचे हत्ती. यामुळे एक सोय झाली. उंच देवळाला बाहेरून परांची बांधायची गरज फारशी पडली नाही. कारागीर ज्या दगडावर उभे राहत, तोच दगड कोरत कोरत ते खाली उतरत.

हे नीट कळावे म्हणून गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करायला लावला. अंगाच्या साबणाची एक एक वडी घेतली आणि तिच्यातून हत्ती कोरायचा. अट अशी, की वरून सुरुवात करायची आणि काहीही चिकटवायचे नाही. ज्या मुलांनी सोंड आधीच बारीक केली, त्यांची सोंड पुढचे पाय कोरताना तुटली. माझ्या शेजारच्या मुलीने पहिल्यांदा चारही बाजूंनी रेघा आखल्या. कोठे किती साबण ठेवायचा ते ठरवले आणि मगच चाकू लावला. तिचा हत्ती सर्वांत छान झाला. म्हणजे कोरण्याआधी सगळे देऊळ डोक्यात तयार असावे लागते. हत्ती शेवटी येणार, पण त्याची जागा पहिल्या दिवशीच सोडून ठेवावी लागते.

थोडे गणित

कैलासाचे अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. गुणाकार केला तर ४२,५०४ चौरस फूट होतात. २० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी वर्गखोली धरली, तर तशा १०६ खोल्या त्यात बसतील.

मागचा कडा सुमारे १०७ फूट सरळ कापला आहे. चार फूट उंचीची २६ मुले एकाच्या डोक्यावर एक उभी केली, तरी वरच्या मुलाचा हात काठाला लागणार नाही.

हे सर्व करताना सुमारे दोन लाख टन दगड काढून टाकला असावा, असा अंदाज करतात. दोन लाख टन म्हणजे २० कोटी किलो. एका बैलगाडीत ५०० किलो दगड धरला, तर चार लाख गाड्या होतात. रोज ५० गाड्या भरून गेल्या असे समजू. तरी आठ हजार दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ २२ वर्षे. हे फक्त दगड नेण्याचे गणित झाले, कोरणे तर वेगळेच. आणि ते सगळे छिन्नी, हातोडा आणि माणसाचे हात यांनी केले.

हे कोणी केले?

त्या काळी येथे राष्ट्रकूट घराण्याचे राज्य होते. दंतिदुर्ग नावाचा राजा होता. त्याचा लेख १५ क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्याच्यानंतर त्याचा काका कृष्ण पहिला हा राजा झाला. त्याने साधारण इ. स. ७५६ ते ७७३ पर्यंत राज्य केले. कैलास मुख्यतः त्याच्या काळात झाला. काही भाग नंतरच्या राजांच्या काळात कोरले, असे अभ्यासक मानतात. त्याआधी काही वर्षे कर्नाटकात पट्टदकल येथे विरूपाक्षाचे मोठे देऊळ बांधले होते. कैलासाची ठेवण त्याच्यासारखी आहे. फरक एवढाच, की ते दगडावर दगड रचून बांधले आणि हे डोंगर कापून काढले.

कृष्णराजानेच हे केले, हे कशावरून? गुजरातमध्ये बडोदे येथे एक ताम्रपट मिळाला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. तो इ. स. ८१२-१३ चा आहे. वेरूळचे जुने नाव एलापूर. त्या ताम्रपटात एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने करविलेल्या देवळाचे वर्णन आहे. त्यात सांगितले आहे, की आकाशातून विमानात बसून जाणारे देवसुद्धा हे देऊळ पाहून चकित झाले. हे माणसाच्या हातून होणार नाही, असे त्यांना वाटले. आणि ज्या कारागिराने ते केले, तो स्वतःच थक्क झाला. हे माझ्या हातून कसे झाले, पुन्हा कर म्हटले तर मला जमायचे नाही, असे त्याच्या मनात आले.

राजाचे नाव ताम्रपटात राहिले. पण टाकी धरणाऱ्या शेकडो माणसांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. त्यांनी देवळावर स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत कोरून ठेवले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

राणीची गोष्ट

ही दंतकथा आहे, इतिहास नाही. पण ती ऐकायला गोड आहे. एक राजा फार आजारी पडला. त्याच्या राणीचे नाव माणिकावती. तिने नवस केला, की राजा बरा झाला तर मी शंकराचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस पाहीपर्यंत अन्न खाणार नाही. राजा बरा झाला. आता काय करायचे? देऊळ बांधायचे तर कळसाला किती वर्षे लागतील! राणी उपाशी मरेल. कोणालाच उपाय सुचेना. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. तो म्हणाला, मी आठवड्यात कळस दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली आणि खरोखरच आधी कळस काढला. राणीने कळस पाहिला आणि ती जेवली.

गोष्ट संपली की आजी म्हणते, "बघ लेकरा, अक्कल असली की उलट्या कामानंबी पोट भरतं." त्यावर आम्ही सगळे हसतो.

काय काय पाहावे?

पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातो, पण काय दाखवायचे ते ठाऊक नसते. म्हणून ही यादी.

१. अंगणात शिरल्यावर दोन उंच ध्वजस्तंभ आणि दगडाचे दोन मोठे हत्ती. त्यांतील एक हत्ती फुटलेला आहे.

२. देवळाच्या खालच्या बाजूला हत्तींची रांग. सगळे देऊळ त्यांनीच पाठीवर उचलून धरले आहे असे वाटते.

३. उत्तर बाजूच्या भिंतीवर महाभारत आणि दक्षिण बाजूच्या भिंतीवर रामायण. ओळीने पट्टे आहेत. चित्रकथेच्या पुस्तकासारखे वाचता येते.

४. दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो ते शिल्प. रावण सगळ्या हातांनी खालून पर्वत हलवतो आहे. पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे. एक दासी पळते आहे. आणि शंकर मात्र शांत बसला आहे. दगड हलत नाही, पण पाहताना हलल्यासारखा वाटतो.

५. गंगा, यमुना व सरस्वती या तीन नद्यांच्या मूर्ती.

दुसरी लेणीही सोडू नका. क्रमांक १० चे बौद्ध लेणे पाहा. त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारखे वासे कोरले आहेत आणि आत बोलले की आवाज घुमतो. क्रमांक ११ ला 'दोन ताल' म्हणतात, पण त्याला मजले तीन आहेत! खालचा मजला मातीत गाडलेला होता, तो १८७६ मध्ये सापडला. नाव मात्र तेच राहिले. क्रमांक २९ म्हणजे 'सीता की नहाणी'. तेथे पावसाळ्यात धबधबा पडतो. क्रमांक ३२ ला 'इंद्रसभा' म्हणतात. ते जैन लेणे आहे. त्याच्या छतावर जुनी चित्रे आहेत.

जगातील भाऊबंद

डोंगर कोरून कला करणारे लोक इतर देशांतही झाले.

आफ्रिकेत इथिओपिया देश आहे. तेथे लालिबेला गावी ११ चर्च दगडात कोरलेली आहेत. ती कैलासानंतर सुमारे चारशे वर्षांनी झाली असे मानतात. त्यांतील सेंट जॉर्जचे चर्च वरून खाली कोरले आहे. त्याचे छप्पर जमिनीच्या बरोबरीला आहे आणि आकार क्रूसाचा आहे. लांबून काही दिसत नाही. काठावर गेले की खाली खड्ड्यात चर्च दिसते. आजही तेथे प्रार्थना होते.

जॉर्डन देशात पेट्रा नावाचे शहर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी गुलाबी रंगाच्या वाळूच्या दगडात कड्यावर महालासारखी तोंडे कोरली. त्यांनीही वरूनच सुरुवात केली.

इजिप्त देशात अबू सिंबेल येथे रामसेस दुसरा या राजाने तीन हजार वर्षांपेक्षाही आधी डोंगरात देऊळ कोरले. दारात राजाच्या सुमारे २० मीटर उंचीच्या चार बसलेल्या मूर्ती आहेत. पुढे नाईल नदीवर आस्वानचे मोठे धरण होऊ लागले. देऊळ पाण्यात बुडणार होते. तेव्हा अनेक देशांनी पैसा आणि माणसे दिली. १९६४ ते १९६८ या काळात ते देऊळ कापून, तुकडे करून सुमारे ६५ मीटर वर नेले आणि पुन्हा जसेच्या तसे जोडले. दुसऱ्याच्या गावातील देवळासाठी जगाने एवढे केले.

आपल्या देशातही तमिळनाडूत महाबलीपुरम येथे एकेका खडकातून कोरलेले रथ आहेत. ते कैलासाच्या आधीचे आहेत, पण लहान आहेत.

१९८३ मध्ये युनेस्कोने वेरूळची लेणी जागतिक वारसा म्हणून निवडली. भारतातील पहिल्या चार नावांत वेरूळ होते. बाकीची तीन म्हणजे अजिंठा, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला.

दगडाला चुकलं की चुकलं

आमच्या गल्लीत पाट्याला आणि जात्याला टाकी लावणारे एक म्हातारे बाबा येतात. मी त्यांना विचारले, "बाबा, टाकी घसरली तर काय करता?" ते म्हणाले, "पोरा, मातीचं चुकलं तर परत लिंपता येतं. लाकडाचं चुकलं तर खिळा मारता येतो. दगडाला चुकलं की चुकलं. दगड परत चिकटत नाही." मग त्यांनी पाट्यावर बोट फिरवून मला टाकीचे बारीक बारीक टिपके दाखवले. सगळे सारख्या अंतरावर होते.

हे ऐकल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की कैलासाच्या कारागिरांनी किती जपून हात चालवला असेल. वरचा दगड एकदा गेला, की खाली उतरल्यावर तो परत आणता येत नाही. दुसरी गोष्ट आपल्या काळाची आहे. आज कोणी भिंतीवर ओरखडा काढला, तर तोही कायमचा राहतो.

लेण्यांत मी नीट पाहिले. काही भिंतींवर लोकांनी खिळ्याने, किल्लीने नावे कोरली आहेत. कोणी बाण मारलेला बदाम काढला आहे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक पाहुणे खिशातून किल्ली काढून खांबाला लावत होते. पहारेकऱ्याने शिट्टी मारली तेव्हा थांबले. ते म्हणाले, "एवढ्याशा नावाने काय होतंय?" पण प्रत्येकाने एवढेसे केले तर? वर्गात सर्वांनी एक एक रेघ मारली, तर फळ्यावर जागा राहत नाही. फळा पुसता येतो, लेणे पुसता येत नाही. ज्यांनी सगळा डोंगर कोरला, त्यांनी नाव लिहिले नाही. मग जो दोन घटका पाहायला आला, त्याने का लिहावे?

पाऊस आणि ऊन तर लेण्यांना त्रास देतातच. भेगांतून पाणी झिरपते. भेगेत रोप उगवले तर त्याची मुळे दगड फोडतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग लेण्यांची देखभाल करतो. पावसाला कोणी सांगू शकत नाही, पण माणसाला सांगता येते. १९५८ च्या कायद्याने अशा जुन्या वास्तू बिघडवणे गुन्हा आहे. २०१० मध्ये तो कायदा अधिक कडक केला. आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणखी एक सांगतो. माझे काका लेण्यांच्या रस्त्यावर पेरू आणि सीताफळे विकतात. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी रिक्षा, चहाचे हॉटेल किंवा रसवंती आहे. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी काकांची टोपली अर्धी परत येते. म्हणजे त्या कारागिरांनी बाराशे वर्षांपूर्वी केलेल्या कामावर आजही आपली चूल पेटते. म्हणून लेणी सांभाळणे हे आपले घर सांभाळण्यासारखेच आहे.

आपण काय करावे?

• मूर्तीला हात लावू नये. हाताचा घाम आणि तेल लागते.
• मूर्तीवर चढून फोटो काढू नये.
• भिंतीवर काहीही लिहू नये, खडूनेसुद्धा नाही.
• खाऊचे कागद आणि बाटल्या बरोबर परत आणाव्यात.
• कोणी नाव कोरताना दिसले, तर नमस्कार करून म्हणावे, "काका, दगड परत चिकटत नाही हो." भांडू नये. ऐकले नाही तर पहारेकऱ्याला सांगावे.

पालकांनो, पुढच्या सुट्टीला मामा-मावशी आले, तर त्यांना आम्हां मुलांबरोबर पाठवा. आम्ही चौथीची मुले ही यादी पाठ करून आहोत. आम्ही पैसे घेणार नाही.

शब्दार्थ

टाकी – दगड घडवायची छिन्नी
चर – लांब खणलेला खड्डा
परांची – उंच कामासाठी बांधलेला लाकडी सांगाडा
गिलावा – भिंतीला दिलेला चुन्याचा लेप
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावरील लेख

उत्तरे सांगा पाहू

१. कैलासात सर्वांत आधी काय कोरले आणि सर्वांत शेवटी काय?
२. 'दोन ताल' लेण्याला मजले किती?
३. रोज १०० बैलगाड्या दगड नेला असता, तर चार लाख गाड्यांना किती दिवस लागले असते?
४. रामायण कोणत्या बाजूच्या भिंतीवर आहे? (हे वाचून नाही, लेण्यात जाऊन पाहून सांगा.)

– इयत्ता चौथीचा विद्यार्थी, वेरूळ